भिशीच्या पैशांतला कॉम्प्युटर

२०२३ सालचा जून महिना. मुंबईच्या एका उपनगरातील वस्तीत राहणाऱ्या एका घरात मोठ्या मुलीला डिप्लोमाच्या कॉम्प्युटर शाखेत प्रवेश मिळाला. वडील गोदामात हमालीच्या कामावर, आई पोळीभाजीचे डबे देणारी. आईने वीस बायकांच्या भिशीत महिन्याला एक हजार रुपये भरून नंबर राखून ठेवला होता. ते वीस हजार हाती आले, त्यात वडिलांनी पगारातले दोन हजार घातले आणि बावीस हजारांत घरात कॉम्प्युटर आला. दुकानदाराने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते: 'आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, पाचशे बारा एसएसडी'. शेजारच्यांनी कौतुक केले. पेढे वाटले गेले.

महिनाभरात मुलीच्या लक्षात आले की वर्गातल्या मैत्रिणीच्या साध्या 'आय-थ्री' मशीनवर जे काम दहा मिनिटांत होते, त्याला आपल्या घरी वीस मिनिटे लागतात. कॉलेजात विंडोज ११ वर शिकवत, ते या मशीनवर चढेना. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करणारा मामेभाऊ एका रविवारी घरी आला. त्याने पडद्यावरची माहिती वाचली, कॅबिनेटचे झाकण काढून आत पाहिले आणि म्हणाला, "आत्या, हा आय-सेव्हन खरा आहे. पण तो २०११ सालचा आहे."

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ही बालवाडीत होती तेव्हाचा?"

वाचकहो, या घराला कोणी खोटे सांगितले नव्हते. कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता. फसवणूक झाली ती न सांगितलेल्या गोष्टींत. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, मदरबोर्ड कोणाचा, वीज पुरवणारा डबा कसला, यांपैकी काहीच त्या कागदावर नव्हते आणि विचारायचे असते हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. आपल्यासारख्या घरांत कॉम्प्युटर हा दहा वर्षांतून एकदा होणारा खर्च असतो. तो चुकला तर पैसे जातात आणि मुलांच्या शिक्षणाचे एक वर्षही रखडते. म्हणून सुटे भाग निवडून, आपल्या ऐपतीत, आपल्या कामाचा कॉम्प्युटर कसा जुळवून घ्यावा, हे या लेखात सविस्तर पाहू.

जुळवलेलाच का घ्यावा?

सर्वप्रथम प्रश्न येतो तो असा की हातात मोबाईल असताना कॉम्प्युटर हवाच कशाला? मोबाईलवर व्याख्यान पाहता येते, पण पन्नास पानांचा प्रकल्प लिहिणे, हिशेबाचे तक्ते मांडणे, प्रोग्राम लिहिणे ही कामे मोबाईलवर नीट होत नाहीत. शिवाय परीक्षाच आता संगणकावर होतात. अभियांत्रिकीची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. टंकलेखनाची शासकीय परीक्षाही संगणकावर आली आहे. परीक्षा केंद्रात बसल्यावर पहिल्यांदा माऊस हाती धरणाऱ्या मुलाचा वेळ प्रश्न सोडवण्याआधीच खर्च होतो.

मग लॅपटॉप की डेस्कटॉप? ज्याला रोज बरोबर न्यावा लागतो त्याने लॅपटॉप घ्यावा. परंतु घरातील तीन-चार जणांनी आळीपाळीने वापरायचा असेल, तर जुळवलेला डेस्कटॉपच परवडतो. त्यातला एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि आज ऐपत नाही म्हणून सोडलेला भाग दोन वर्षांनी घालता येतो.

हे शक्य झाले त्यामागे एक इतिहास आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. तो लवकर तयार व्हावा म्हणून त्यांनी बहुतेक भाग इतर कंपन्यांकडून घेतले आणि जोडणीचे तपशील खुले ठेवले. त्यामुळे पाहता पाहता इतर कंपन्या तसेच कॉम्प्युटर आणि त्यात बसणारे भाग बनवू लागल्या. पुढे १९९५ साली इंटेलने मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या जागा आणि वीजजोडणी यांचे 'एटीएक्स' नावाचे माप ठरवून दिले. आजही एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो तो याच मापामुळे. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस, हे बाजार याच सुट्या भागांवर उभे राहिले.

एकच नियम ध्यानात ठेवा

दुकानात गेल्यावर शंभर नावे कानावर पडतात आणि माणूस गोंधळून जातो. अशा वेळी एकच नियम धरून चालावे. जे नंतर बदलणे महागात पडते त्यावर आज खर्च करावा आणि जे नंतर सहज घालता येते ते आज थांबवावे.

घर बांधताना आपण हेच करतो. आधी पाया आणि भिंती, रंग आणि फरशी बोनस आल्यावर. कॉम्प्युटरचा पाया म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर आणि वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात. जादा रॅम, जादा साठवण, ग्राफिक्स कार्ड, देखणी कॅबिनेट ही रंग-फरशी होय. दुर्दैवाने दुकानात आपल्याला आधी दाखवली जाते ती रंग-फरशीच. लाल-निळे दिवे लागलेल्या काचेच्या कॅबिनेटमध्ये मुलांचा जीव अडकतो, आणि पाया आत कोणी पाहत नाही.

प्रोसेसर: नाव नको, आकडा वाचा

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. इंटेल आणि एएमडी या त्याच्या दोन मुख्य कंपन्या. 'आय-थ्री, आय-फाईव्ह, आय-सेव्हन' ही इंटेलची एकाच पिढीतील लहान-मोठी भावंडे. परंतु आजच्या पिढीचा लहान भाऊ दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मोठ्या भावापेक्षा पुढे असतो. म्हणून नावानंतरचा आकडा वाचायला शिकले पाहिजे.

आय७-२६०० या नावात पुढचा '२' म्हणजे दुसरी पिढी, साल २०११. आय३-१२१०० यात पुढचे '१२' म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. गंमत अशी की दोन्हींत गाभे चारच, आणि दोन्ही एका वेळी आठ धागे चालवतात. तरीही एकेका गाभ्याचा वेग पाहिला तर नव्या 'थ्री'ची ताकद जुन्या 'सेव्हन'च्या जवळपास दुप्पट भरते. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. म्हणजे जुना 'सेव्हन' वेगात मागे आणि सुरक्षिततेतही मागे.

इंटेलच्या अलीकडच्या काही प्रोसेसरांना 'कोअर अल्ट्रा' अशी नावे आहेत, त्यांना हा हिशेब लागू पडत नाही. तेव्हा सरळ मार्ग असा की पूर्ण नाव कागदावर लिहून घ्यावे आणि तो कोणत्या साली बाजारात आला ते मोबाईलवर तिथेच पाहावे.

दुसरी गोष्ट आकड्यामागच्या अक्षराची. पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम करणारा भाग काही प्रोसेसरांच्या आतच असतो, काहींत नसतो. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, तर तो भाग नाही असे समजावे. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये तो आहे, पण नुसत्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही. 'एफ' थोडा स्वस्त मिळतो म्हणून माणूस आनंदाने घेतो, आणि घरी आल्यावर पडदा काळाच. मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते व वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट जातात. अभ्यास, टंकलेखन, प्रोग्रामिंग, व्याख्याने आणि कधीमधी हलकासा खेळ, एवढ्यासाठी आतले ग्राफिक्स पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट, प्रोसेसर सीलबंद डब्यातला घ्यावा. 'ट्रे' म्हणून सुटा मिळणारा स्वस्त असतो, पण त्यावर बहुधा कंपनीची हमी नसते, दुकानदाराचीच असते. शिवाय डब्यात अनेकदा पंखा येतो, ट्रेबरोबर तो येत नाही.

मदरबोर्ड: पुढच्या पाच वर्षांची दारे

मदरबोर्डवर सर्व भाग बसतात. प्रोसेसरच्या बैठकीला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या १२ व्या, १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० या एकाच सॉकेटमध्ये बसतात. एएमडीचा एएम४ हा जुना सॉकेट, तर एएम५ हा २०२२ साली आलेला नवा. नव्या सॉकेटचा बोर्ड महाग पडतो, पण पुढे फक्त प्रोसेसर बदलून मशीन नवे करता येते. पैसे अगदी मोजके असतील तर जुना सॉकेट चालेल, मात्र त्याची वाढ आता संपत आली आहे हे समजून घ्यावे.

सॉकेट जुळला म्हणजे सारे जुळले असे नव्हे. बोर्डवर 'बायॉस' नावाची एक छोटी आज्ञावली असते. बोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर त्यानंतरचा असला, तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. दुकानदाराकडून 'बायॉस अपडेट करून द्या' असे सांगून घ्यावे आणि मशीन त्याच्याच टेबलावर चालू करून पाहावे.

बोर्ड घेताना तीन गोष्टी मोजाव्यात. रॅमची निदान दोन घरे असावीत. एसएसडीसाठी एम.२ चे निदान एक घर असावे. आणि बोर्डवर ओळखीच्या कंपनीचे नाव व तीन वर्षांची हमी असावी. आमच्या गोष्टीतल्या बावीस हजारांच्या मशीनमधला बोर्ड दिसायला कोरा करकरीत होता, पण त्यावर कुठल्याच ओळखीच्या कंपनीचे नाव नव्हते. जुन्या प्रोसेसरांचे साठे खपावेत म्हणून असे बोर्ड नव्याने बनवले जातात.

रॅम आणि साठवण

रॅम म्हणजे काम करायचे टेबल. टेबल लहान तर वह्या-पुस्तके सारखी उचलून ठेवावी लागतात. आज आठ जीबी ही किमान गरज, सोळा असेल तर उत्तम. येथे एक बारकावा आहे. प्रोसेसरमधले ग्राफिक्स स्वतःसाठी याच रॅममधला वाटा घेते, आणि सारख्या दोन पट्ट्या असतील तर दोन नळांनी हंडा भरावा तसे काम झपाट्याने होते. म्हणून ऐपत असेल तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. नसेल तर आज आठची एक घ्यावी, दुसरे घर रिकामे ठेवावे आणि पट्टीचे नाव-नंबर जपून ठेवावेत, म्हणजे पुढे जोडीदार शोधायला सोपे जाते.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्या एकमेकांच्या घरात बसत नाहीत. बोर्ड ज्या प्रकारचा, त्याच प्रकारची रॅम. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड संगणक केंद्रांची मागणी हे त्याचे मोठे कारण होते. एसएसडीच्या भावांनाही त्याची झळ लागली. तेव्हा कोणाच्या गेल्या वर्षीच्या बिलावरून अंदाज बांधू नये. खरेदीच्या आठवड्यात तीन दुकानांत भाव विचारावा. घरात जुना डीडीआर४ चा कॉम्प्युटर पडून असेल तर त्याची पट्टी आधी तपासून घ्यावी.

साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला शंभर ते दोनशे एमबी असतो, साध्या साटा एसएसडीचा सुमारे साडेपाचशे आणि एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचा दोन-तीन हजारांच्याही पुढे. रोजच्या कामात डिस्ककडून साटाकडे जाण्याचा फरक डोळ्यांना दिसतो. साटाकडून एनव्हीएमईकडे जाण्याचा तितका दिसत नाही. भाव सारखा असेल तर एनव्हीएमई घ्यावी, नसेल तर हळहळू नये. आधी दोनशे छप्पन किंवा पाचशे जीबीची घेतली तरी चालते. मोठी फिरती डिस्क नंतर जोडता येते.

एसएमपीएस: जो कोणी पाहत नाही

आता सर्वांत दुर्लक्षित भागाकडे येऊ. एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून प्रत्येक भागाला पाजतो. तो हलका असला आणि एखाद्या दिवशी वस्तीत वीज जाऊन जोरात परत आली, तर तो एकटा जळत नाही. जाताना बोर्ड आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतो. सर्व भागांचे अन्न ज्या ताटातून येते ते ताटच फुटके असून कसे चालेल?

कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणारा एसएमपीएस घेऊ नये. त्यावर '४५० वॅट' छापलेले असते, पण तेवढा भार तो प्रत्यक्षात उचलेलच असे नाही. '८० प्लस' अशी खूण आणि तीन ते पाच वर्षांची हमी पाहावी. ही खूण म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के वीज कामी येते, वीस टक्क्यांहून जास्त उष्णतेत वाया जात नाही, याची तपासणी झालेली असते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला खऱ्या ४५० वॅटचा डबा भरपूर झाला.

विजेच्या बिलाची धास्ती अनेक आयांना असते. साधा हिशेब पाहा. असा कॉम्प्युटर मॉनिटरसह शंभर वॅट खातो असे धरले, तरी रोज पाच तास आणि महिना तीस दिवस मिळून पंधरा युनिट होतात. अभ्यासाच्या हलक्या कामात तो यापेक्षाही कमीच खातो.

अर्थिंगबाबत मात्र हयगय करू नये. जुन्या चाळींत आणि वस्त्यांत तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून किंवा दोन पिनांचा जोड लावून काम भागवले जाते. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसमधून पत्र्यावर येणारा किंचितसा प्रवाह एरवी अर्थच्या तारेतून जमिनीत जातो. ती वाट बंद केली की तो हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. कॉम्प्युटर आणण्याआधी जाणत्या वायरमनकडून त्या एका पॉइंटचे अर्थिंग तपासून घ्यावे. वीज वारंवार जात असेल तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावावा. त्यावर काम सुरू ठेवायचे नसते, पण लिहिलेले जतन करून मशीन नीट बंद करण्याइतकी मिनिटे मिळतात.

काटकसर कुठे करावी?

कॅबिनेट साधी, हवा खेळणारी असावी. दिवे आणि काच नको. ग्राफिक्स कार्ड नको. काही दुकानांत 'दोन जीबीचे ग्राफिक्स कार्ड' म्हणून जीटी ७१० सारखे जुने कार्ड माथी मारतात, आणि ते ५६००जीच्या आतल्या ग्राफिक्सपेक्षाही दुबळे असते. मुलाला पुढे व्हिडिओ संकलन किंवा त्रिमिती रेखाटन शिकायचे झाले, तर कार्ड तेव्हा घालता येईल.

मॉनिटर चांगल्या स्थितीतला जुना घेतला तरी चालतो. घरात एचडीएमआयची खाच असलेला टीव्ही असेल, तर पहिले काही महिने त्यावरही भागते. फक्त टीव्हीसाठी घरात भांडणे होणार नाहीत अशी वेळ ठरवून घ्यावी. कीबोर्ड आणि माऊस साधे, तारेचे. स्पीकरऐवजी मोबाईलचे इअरफोन.

आज्ञावलींवरही पैसे वाचतात. लिनक्स मिंट, उबंटू या प्रणाली आणि लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या फुकट मिळते. मराठी लिहिण्याचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्येही असतो आणि विंडोजमध्येही. कॉलेजला विंडोजच लागत असेल तर परवान्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावेत. दुकानदार 'टाकून देतो' म्हणतो ती चोरीची प्रत असते, आणि तिच्यात कोणी काय मिसळले आहे ते सांगता येत नाही.

हे सारे करूनही जमत नसेल, तर मोठ्या कार्यालयांतून निघालेली नामांकित कंपन्यांची जुनी मशीन हा एक प्रामाणिक पर्याय आहे. आठव्या पिढीपुढचे मशीन आणि दुकानाची लेखी हमी असेल तर ते निनावी बोर्डाच्या 'नव्या आय-सेव्हन'पेक्षा केव्हाही चांगले. मात्र अशा मशीनचा एसएमपीएस व बोर्ड पुष्कळदा त्या कंपनीच्या खास मापाचा असतो. बाजारातला साधा भाग त्यात बसत नाही, म्हणून पुढे वाढवायला वाव थोडा.

बिल मागताना लाजू नका

"बिल नको असेल तर अठरा टक्के कमी करतो," हे वाक्य बाजारात हमखास ऐकू येते. पैसे मोजून आणलेल्या माणसाचा जीव तिथे खालीवर होतो. पण हमी ही प्रत्येक भागाची वेगळी असते आणि तिचा पुरावा म्हणजे बिल. दोन वर्षांनी बोर्ड गेला तर बिलाविना हात चोळत बसावे लागते. बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा, आणि सर्व डबे निदान हमीच्या काळापर्यंत माळ्यावर ठेवावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

*दुकानात जाताना ही चौकट कापून बरोबर ठेवा*

१. प्रोसेसरचे पूर्ण नाव काय? तो कोणत्या सालचा? आत ग्राफिक्स आहे का? सीलबंद डबा आहे का?
२. बोर्ड कोणत्या कंपनीचा? सॉकेट कोणता? बायॉस अपडेट केले आहे का?
३. रॅम डीडीआर४ की डीडीआर५? दुसरे घर रिकामे आहे का?
४. एसएसडी कोणत्या कंपनीची? साटा की एनव्हीएमई?
५. एसएमपीएसवर '८० प्लस' आहे का?
६. प्रत्येक भागाची हमी किती वर्षे, आणि ती कंपनीची की दुकानाची?
७. मशीन समोर चालू करून दाखवाल का? पक्के बिल मिळेल ना?

मशीन चालू झाल्यावर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' या पानावर प्रोसेसरचे नाव आणि रॅम स्वतः वाचावी. कागद, डबा आणि पडदा या तिन्हींवर एकच नाव असले तरच पैसे मोजावेत.

त्या घराचे पुढे काय झाले?

बावीस हजार पाण्यात गेले असे समजून आईने दोन दिवस कोणाशी धड बोलणे केले नाही. पण मामेभावाने कागदावर हिशेब मांडून दाखवला. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, कॅबिनेट आणि साटा एसएसडी ठीक होती. बदलायचे होते ते फक्त चार भाग: प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस. नोव्हेंबरमध्ये वडिलांचा बोनस आला. आय३-१२१००, ओळखीच्या कंपनीचा बोर्ड, आठ जीबीची एक पट्टी आणि '८० प्लस'चा डबा मिळून एकोणीस हजार झाले. या वेळी दुकानात प्रश्न विचारायला मुलगी पुढे होती, आणि वडील पिशवीत जुने भाग घेऊन मागे उभे होते.

जुन्या चार भागांचे पहिल्या बिलात सुमारे अकरा हजार लागले होते. विकताना अडीच हजार आले. "साडेआठ महिन्यांची भिशी गेली," आई अजूनही सांगते. ते खरेच आहे. पण लॅपटॉप असता तर बावीसच्या बावीस हजार गेले असते. भाग सुटे होते म्हणून चूक तेवढ्यावर निभावली.

पुढच्या वर्षी मुलीने स्वतःच्या हाताने दुसरी आठ जीबीची पट्टी बसवली. धाकटा भाऊ शेजारी बसून पाहत होता. "यात दिवे का नाहीत गं ताई?" त्याने विचारले. ती म्हणाली, "तुझ्या दहावीच्या निकालानंतर लावू. आधी एसएमपीएस म्हणजे काय ते सांग बघू."

आपल्या वस्तीतही अशी एखादी मुलगी, असा एखादा मामेभाऊ असेलच. खरेदीला जाताना दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा त्याला बरोबर न्यावे, त्याचा जाण्यायेण्याचा आणि चहाचा खर्च आपण करावा. तोही बाजेटात धरलेला बरा, कारण सर्व भागांत तोच सर्वांत स्वस्त पडतो.